तमाशाचा फड : आपल्याकडची जुनी इव्हेंट कंपनी

कॉन्सर्टला गेलात की स्टेज, लाइट, साउंड सगळं तयार असतं. ते उभं करणारी माणसं मात्र आपल्याला दिसत नाहीत. इव्हेंट कंपनीतलं काम म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला आज एका जुन्या धंद्याकडे बघूया. तमाशाचा फड!

फड म्हटलं की ढोलकी आणि लावणी आठवते. पण मोठा फड म्हणजे चाकांवरची अख्खी कंपनी. नाचणाऱ्या बायका, सोंगाड्या, ढोलकीवाला हे झाले स्टेजवरचे. त्यांच्यामागे तंबू ठोकणारे, ट्रक ड्रायव्हर, जनरेटर आणि लाइट सांभाळणारे, तिकिटं फाडणारे, आचारी. मोठ्या फडात ही माणसं शंभराच्या वर जातात.

दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत गावोगाव फिरतो. खेळ संपला की कनात उतरवा, ट्रक भरा, पुढचं गाव गाठा, संध्याकाळच्या आत पुन्हा तंबू उभा करा. झोप मिळेल तेवढी प्रवासात. आम्ही सॉफ्टवेअरवाले एखाद्या रात्री रिलीज केलं तरी दुसऱ्या दिवशी सुट्टी मागतो. इथे रोज रात्री रिलीज, तेही समोर पब्लिक बसलेलं असताना.

आता पैशाचं गणित. दोन शब्द लक्षात ठेवा, सुपारी आणि उचल.

सुपारी म्हणजे गावाने दिलेलं बुकिंग. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला फडमालक राहुट्या टाकून बसतात. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा असतात, म्हणून गुढीपाडव्याच्या सुमारास यात्रा कमिट्या इथे येतात, भाव ठरवतात, तारीख पक्की करतात. फडाच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा या थोड्या दिवसांत ठरतो.

उचल म्हणजे आगाऊ रक्कम. पावसाळ्यात फड बंद, पण पोट चालूच असतं. मग कलाकार आणि कामगार मालकाकडून उचल घेतात आणि हंगामभर राबून ती फेडतात. फिटली नाही, तर पुढच्या वर्षीही त्याच फडात. म्हणजे एकच रक्कम आधारही होते आणि दावणही. गंमत म्हणजे मालकही बहुतेक वेळा ही रक्कम व्याजाने काढूनच वाटतो.

अशा कामात सुट्टीला जागाच नसते. विठाबाई नारायणगावकरांची हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. खेळ चालू असताना कळा आल्या, मागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत नाचायला उभ्या राहिल्या. आपण ही गोष्ट धाडसाची म्हणून ऐकतो. मला वाटतं, ती कामाच्या अटींचीही गोष्ट आहे. याच विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, आणि त्यांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या वारल्या.

पुढे नियम बदलले. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरवरची बंदी पक्की केली. लोकांच्या झोपेसाठी ते योग्यच होतं. पण गण, गौळण, बतावणी होऊन वग रंगायचा तो उत्तररात्री. रात्रभराचा खेळ काही तासांत कोंबायची वेळ आली.

आणि मग २०२०. देशभर लॉकडाउनचा पहिला दिवस कोणता? २५ मार्च. त्या वर्षीचा गुढीपाडवा कधी होता? २५ मार्च! ऐन सुपारीच्या दिवसांत यात्रा रद्द. उचल मात्र रद्द होत नाही. मालकाच्या डोक्यावर कर्ज, कामगाराच्या डोक्यावर उचल, आणि बुकिंग शून्य.

आजच्या इव्हेंट कंपन्यांमध्येही सीझनपुरते रोजंदारीवर घेतलेले कितीतरी लोक असतात. शब्द बदलले, कनातीच्या जागी ट्रस आले. पण कार्यक्रम रद्द झाला तर नुकसान कुणाच्या खिशातून जातं, हा प्रश्न तोच आहे. अशा कंपनीत काम धरायचा विचार असेल, तर पगाराआधी हे विचारा.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावच्या यात्रेत कोणता फड यायचा, घरातल्या मोठ्यांना विचारून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!