प्रस्तावना : गाडी कधी तापते?

गॅरेजात गाडी येते ती बहुधा निकाल सोबत घेऊनच: ‘फॅन गेलाय, बदलून टाका.’ मालकाने बोनेटखालून निघणारी वाफ पाहिलेली असते, त्याची घाई समजू शकते. या विद्येत नव्याने शिरणाऱ्याने मात्र पान्याला हात घालण्याआधी विचारावे, गाडी कधी तापते?

पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, साधारण तेवढाच सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला बराचसा कूलंटला वाहून न्यावा लागतो. १९०१च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. त्यात सहा मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या आणि मागे एक छोटा पंखा. गाडी हळू चालली की समोरचा वारा पडतो, म्हणून तो पंखा. फॅनची नोकरी आजही तीच आहे.

म्हणून सिग्नलला तापणारी आणि रस्ता मोकळा मिळताच निवणारी गाडी फॅनकडे बोट दाखवते. हायवेवर वेगात तापणारीचा दोष बहुधा चोक झालेल्या रेडिएटरमध्ये, वॉटर पंपात किंवा नीट न उघडणाऱ्या थर्मोस्टॅटमध्ये असतो. कसारा घाटात मात्र पंचाईत होते: इंजिनावर भार जास्त, वेग कमी, सगळेच संशयित एका जागी.

फॅनवर संशय आला म्हणजे मोटर दोषी ठरत नाही. आधी एसी लावून पाहावा. बहुतेक गाड्यांत त्याच्याबरोबर फॅन फिरतो. (फॅन दोन असतील तर कोणता फिरला तेही बघावे.) मोटर फिरली तर ती ठीक; हुकूम पोचत नाही, सेन्सर आणि त्याची वायर तपासा. नाही फिरली तर फ्यूज, रिले, अर्थिंग. मग बॅटरीवरून थेट करंट देऊन मोटर. दोन वेगांच्या काही फॅनमध्ये रेझिस्टर जळतो, मग फॅन हळू फिरतच नाही. उशिरा, एकदम पूर्ण वेगाने सुटतो. माझा आवडता दोष याहून खट्याळ आहे: दुरुस्तीत तारा उलट जोडल्या गेल्या की फॅन उलटा फिरतो. आवाज येतो, हाताला वाराही लागतो, आणि गाडी तापतच राहते.

काट्यावरही फार विसंबू नये. कूलंट खूप उतरला की सेन्सर कोरडा पडतो. आत इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो.

‘फॅन डायरेक्ट करून देतो’ हा आपल्याकडचा लाडका इलाज. अडल्या वेळी घरी पोचायला तो ठीक, पण नंतर फॅन सतत फिरतो आणि मूळ बिघाड बोलायचा थांबतो. थर्मोस्टॅट काढून फेकणे मात्र मला अजिबात मान्य नाही. इंजिन थंड राहते आणि पेट्रोल जास्त पिते.

तपासणी थंड इंजिनावर सुरू करावी. बंद झाकणाखाली सुमारे एक बार दाब असतो, त्यामुळे कूलंट १२० अंशांच्या आसपासही उकळत नाही. झाकण फिरवताच उसळतो. आणि चावी काढल्यावरही काही गाड्यांचा फॅन आपणहून सुरू होतो, तेव्हा पात्यांजवळ बोटे नेण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून ठेवावी.