कावून नाही बोलत?

बस वरोऱ्याच्या अलीकडे येते आणि पाऊस उतरतो. मंडळीच्या तरुण संघाची आनंदवनाची सहल आहे. पुढच्या बाकांवर पोरं टाळ्या वाजवत गाताहेत. तुम्ही मागे, खिडकीशी, गात नाही. गेल्या रविवारपासून तुम्ही कुणाशी धड बोललेलेही नाही.

झालं एवढंच होतं. उपासना सुटली. तुम्ही नेहमीसारखी लांब, सुरेख प्रार्थना केली होती. दोघातिघांनी हात हातात घेऊन तसं सांगितलंही. दाराशी चर्च झाडणारी बाई चपला बाजूला सारत होती. तुम्हाला बघून ती हसत म्हणाली, "भाऊ, देवासंग लय बोलता तुमी. आमच्यासंग कावून नाही बोलत?" आजूबाजूचे हसले. तुम्ही नाही हसलात. संध्याकाळी पाळकांना फोन लावून म्हणालात, कामाच्या माणसानं कामापुरतं बोलावं, तिला समज द्या. पाळक जरा गप्प राहिले, मग म्हणाले, "समज तिला कशाला? तुम्हीच जाऊन तिची माफी मागा." तुम्ही म्हणालात, बघू. वडीलमंडळात इतकी वर्षं काढलेल्या माणसाचा 'बघू' म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं.

नाक्यावर बस थांबते. चहाला उतरता, छत्री उघडता, आणि छत्रीपलीकडचे दिवे एकदम जातात.

वीज गेली असेल असं वाटतं. पण पायाखाली डांबर नाही, घोट्यापर्यंत चिखल आहे. कोपऱ्यावर नगरपालिकेचा रॉकेलचा कंदील मिणमिणतोय. ओल्या गवताचा, शेणीच्या धुराचा आणि उघड्या गटाराचा वास एकत्र नाकात शिरतो. लांबून वाफेच्या इंजिनाची शिट्टी येते. इथली कोळशाची खाण १९०६ साली बंद पडली, रेल्वे मात्र राहिली. जिल्ह्याचं नाव अजून चांदा आहे. गडचिरोली वेगळी व्हायला १९८२ साल उजाडायचंय. तोवर इथपासून खाली प्राणहितेकाठच्या सिरोंच्यापर्यंत सगळा एकच जिल्हा, आणि त्यातलं बरंचसं जंगल. तुम्ही १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभे आहात.

समोरून एक माणूस येतोय. तिशीतला, अंगानं दणकट, डोक्यावर मैल्याची पाटी. पाटीतून पाणी ठिबकतंय आणि ते नुसतं पावसाचं नाही. तुम्ही छत्री आडवी धरून मागे सरता. मग कंदिलाच्या उजेडात त्याचा चेहरा दिसतो. आनंदवनाच्या माहितीपत्रकावर तो तुम्ही सकाळीच पाहिलाय, पण म्हातारा, पांढऱ्या बंडीतला.

हा मुरलीधर देवीदास आमटे. हिंगणघाटला १९१४ साली जन्मला, गोरज्याच्या जमीनदाराचा मुलगा, वकील. एके काळी बिबट्याच्या कातड्याची बैठक असलेली मोटार उडवायचा. आता नगरपालिकेचा उपाध्यक्ष आहे. सफाई कामगारांची बाजू घेऊन बोलायला गेला तेव्हा त्यांनी सुनावलं होतं, आधी पाटी उचलून बघा. यानं उचलली, आणि एक दिवस नव्हे, कित्येक महिने वाहिली. आगगाडीत एका बाईला छळणाऱ्या गोऱ्या सोजिरांच्या अंगावर हा गेला होता, म्हणून गांधीजींनी याला 'अभय साधक' म्हटलं. आपल्याला कशाचं भय नाही, असं याला वाटतं. वाटायला कारणही आहे.

एक सांगून ठेवायला हवं. हा माणूस ख्रिस्ती नव्हता. त्याला मरणानंतर ओढूनताणून आपल्या मंडळीत बसवायचा उद्योग कुणी करू नये. तुम्हाला इथं आणलंय ते त्याचं नव्हे, तुमचं काही तपासायला.

तुमच्या पायाशी, गटाराच्या कडेला, मघापासून एक गोणपाट पडलंय. ते हलतं.

आमटे थबकतात. तुम्ही वाकता. गोणपाटातून हात बाहेर येतो. त्याला बोटं नाहीत, नुसता तळवा आहे, आणि तळव्याच्या खोलगट भागात पावसाचं पाणी साचतंय. चेहऱ्यावर नाकाच्या जागी खळगा. जखमांतून किडे वळवळताहेत. माणूस जिवंत आहे. त्याचं नाव तुळशीराम, हे तुम्हाला माहितीपत्रकामुळे ठाऊक आहे. या घटकेला या रस्त्यावर ते कुणीही विचारत नाही.

आणि अभय साधक पळतो. वळतो आणि चिखल उडवत घराच्या दिशेनं धावत सुटतो. तुम्ही त्याच्या पुढे धावताय, हे तुमच्या ध्यानात यायला जरा वेळ लागतो.

एका घराच्या वळचणीला धापा टाकत उभे राहता, तेव्हा सवयीनं शास्त्र आठवतं. मिर्यामनं मोशेविरुद्ध तोंड उघडलं आणि ती कोडानं पांढरी झाली. उज्जिया राजा माजला, याजकांना न जुमानता धूप जाळायला मंदिरात शिरला, आणि त्याच्या कपाळावर कोड उठलं. गेहजीनं लोभापायी खोटं सांगितलं, त्यालाही तेच. या तिघांवर तुम्ही मंडळीत बोललायत, आणि छान बोललायत: गर्व, आज्ञाभंग, मग अंगावर देवाची शिक्षा. बाकावर कुणी अंगावरचा पांढरा डाग बाहीखाली झाकून बसलं असेल का, हे तेव्हा तुमच्या मनात आलं नव्हतं. लेवीयच्या पुस्तकात तो विकार कपड्यांना आणि घराच्या भिंतींनाही होतो, म्हणजे तो आणि हान्सेननं १८७३ साली ज्याचा जंतू शोधला तो रोग एकच धरता येत नाही, हेही तुम्ही वाचलं होतं. प्रवचनात ते अडचणीचं, म्हणून गाळलं.

या गटारातल्या माणसानं कसला गर्व केला होता?

'शिक्षा' हा शब्द तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. इब्री लोकांस पत्रात तोच आहे: प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो. मराठीत शिक्षा म्हटलं की छडी दिसते, कोर्ट दिसतं. मूळ ग्रीक शब्द मुलाला वाढवण्याचा, वळण लावण्याचा आहे. आपल्या भाषेतही शिक्षा आणि शिक्षण एकाच धातूतून निघालेत, पण ते सोयीनं विसरायला होतं. कारण छडी दुसऱ्याच्या पाठीवर दाखवता येते, शिकायला मात्र स्वतःला बसावं लागतं. या रात्री देव कुणाला शिकवत असेल, तर तो तुळशीरामला खासच नव्हे.

आणि मिर्यामची गोष्ट तरी तुम्ही पुरती कुठे सांगितलीत? सात दिवस ती छावणीबाहेर होती, आणि ते सात दिवस सगळ्या लोकांनी मुक्काम हलवला नाही. ती परत येईपर्यंत थांबले. वरोऱ्यात तुळशीरामसाठी कोण थांबलंय? सरकारकडे १८९८ चा कायदा आहे, भीक मागणाऱ्या महारोग्याला धरून बंदिस्त ठेवायचा. ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाच्या कायद्यात हा रोग २०१९ पर्यंत कारण म्हणून होता. त्याविरुद्ध तुम्ही कधी सही केली नाहीत. कुणी मागितली नाही, हे खरं.

मग नामान. अरामाचा सेनापती, रथ, घोडे, चांदी-सोनं, आणि कातडीवर कोड. त्याला संदेष्ट्याचा पत्ता कुणी दिला? लुटीत धरून आणलेल्या, बायकोच्या हाताखालच्या पोरीनं. यार्देनेत सात वेळा बुडी मार म्हटल्यावर तो भडकला. आमच्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट होत्या? त्याला वळवलं कुणी? चाकरांनी. अलीशा तर दारापर्यंतसुद्धा आला नव्हता. त्या कथेत शहाणपणाचं जे काही आहे, ते हुकमाच्या ताबेदारांच्या तोंडी आहे.

कावून नाही बोलत?

पावसाच्या आवाजात ते वाक्य तुम्हाला चक्क ऐकू येतं, आणि त्यात टोमणा नव्हता हे पहिल्यांदाच कळतं. ती खरंच विचारत होती.

पावलं वाजतात. आमटे परत येताहेत. भीती गेलेली नाही, ती त्यांना पुढेही बरेच दिवस सोडणार नाही, पण पाय वळलेत. पुढचं ते स्वतः आयुष्यभर सांगत आले: जिथं भीती आहे तिथं प्रेम नाही, म्हणून त्या भीतीच्याच घरी राहायला जायचं. तुळशीरामवर आडोसा उभा राहतो, बांबू आणि तट्ट्यांचा. त्याला भरवणं, धुणं, पुसणं, तो मरेपर्यंत. मग कलकत्त्याला जाऊन रोगाचं शिक्षण, आणि १९५१ साली खडकाळ जमिनीवर आनंदवन: सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. तुम्ही छत्री पुढे करायला बघता. हात उचलत नाही. उचलला असता तर घडलेलं बदललं असतं, असं नंतर स्वतःला समजावता येईल.

हॉर्न वाजतो. "सर, चहा गार झाला!"

आनंदवनात तुम्ही हातमाग बघता. झडलेल्या बोटांचा एक म्हातारा तळव्यानं धोटा ढकलतोय. पोरं मोबाइलवर फोटो काढायला लागतात. तुम्ही त्यांना थांबवता, मग म्हाताऱ्यालाच विचारता, चालेल का. तो म्हणतो, काढा, पण कापडाचा काढा.

शनिवारी दुपारी तुम्ही चर्चमध्ये जाता. माफीची तीन वाक्यं वाटेत घोकलीत. झाडणारी बाई पुढच्या बाकांखाली ओलं फडकं फिरवतेय. हाक मारायला तोंड उघडता आणि लक्षात येतं, तिचं नावच तुम्हाला माहीत नाही. इतक्या वर्षांत विचारलं नाही. ते विचारता. ती सांगते. तुम्ही घोकलेलं पहिलं वाक्य सुरू करता.

"थांबा भाऊ," ती म्हणते, "आताच पुसलं हाये. पाय पुसून या."

तुम्ही उंबऱ्याबाहेर जाता, आणि पायपुसण्यावर चिखल घासायला लागता.