मराठी फाइल सर्व संगणकांवर वाचता यावी यासाठी...

खारघरला संगणकावर टंकलिखित केलेला मराठी अर्ज पनवेलच्या कार्यालयात उघडावा आणि पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटावीत, हा प्रकार अनेकांच्या परिचयाचा आहे. फाइल पोहोचते, मजकूर मात्र पोहोचत नाही.

याचे कारण फॉण्टमध्ये आहे. संगणक अक्षरे नव्हे, तर त्यांचे क्रमांक साठवतो. जुन्या मराठी फॉण्टमध्ये रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरीची वळणे, काने आणि मात्रा बसवलेल्या असत. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तो फॉण्ट दुसऱ्या संगणकावर नसल्यास त्याच क्रमांकांची मूळ रोमन अक्षरे दिसू लागतात.

एक अक्षर, एक क्रमांक

भारतीय लिपींसाठी समान क्रमांक ठरवणारे 'इस्की' हे मानक भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये स्वीकारले. त्याच वर्षी जगातील लिपींसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली होती. युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक २३२५ आहे. फॉण्ट बदलला तरी तो बदलत नाही. 'दुसऱ्या'सारख्या शब्दांत लागणाऱ्या 'ऱ'लाही २३५३ हा स्वतंत्र क्रमांक आहे. केंद्र सरकारने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक निश्चित केले.

या वाटचालीशी खारघर परिसराचाही संबंध आहे. खारघर रेल्वे स्थानकासमोर 'सी-डॅक' या केंद्रीय संस्थेचे केंद्र आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेली 'एनसीएसटी' ही मुंबईची संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. लिनक्स प्रणालीवर भारतीय भाषा आणणारा 'इंडिक्स' प्रकल्प याच एनसीएसटीचा.

पीडीएफची मर्यादा

दस्तऐवज सर्वत्र सारखा दिसावा, यासाठी अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ मध्ये पीडीएफ आणले. २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. पीडीएफमध्ये फॉण्ट फाइलसोबतच पाठवता येतो. त्यामुळे मजकुराचे रूप टिकते.

परंतु रूप टिकले म्हणजे मजकूर टिकलाच, असे नव्हे. जुन्या फॉण्टमधील पीडीएफ डोळ्यांना सुवाच्य दिसते. त्यात एखादे नाव शोधू गेल्यास मात्र ते सापडत नाही. उतारा नकलून घेतल्यास पुन्हा रोमन अक्षरेच हाती येतात. दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणारी प्रणालीही अशा फाइलपुढे अडखळते. दीर्घकालीन जतनासाठी २००५ मध्ये आलेल्या 'पीडीएफ/ए' मानकात फॉण्ट अंतर्भूत करणे बंधनकारक आहे. मात्र त्याच्या 'बी' या प्राथमिक स्तरात केवळ दृश्य रूपाची हमी मिळते. मजकुराचा युनिकोडशी मेळ 'ए' स्तरात आवश्यक ठरतो.

काय करावे?

* नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. त्यासाठी इनस्क्रिप्ट कळफलक उपयुक्त आहे.
* दुसऱ्याने दुरुस्ती करायची असल्यास मूळ फाइल, तर केवळ वाचायचे असल्यास पीडीएफ पाठवावी.
* पीडीएफ तयार करताना फॉण्ट अंतर्भूत झाल्याची खात्री करावी. त्यातील एक ओळ नकलून दुसरीकडे चिकटवून पाहावी. मराठी उमटल्यास मजकूर शाबूत आहे.
* जुन्या फॉण्टमधील फाइल परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणाव्यात आणि जोडाक्षरे, रफार मुळाशी ताडून पाहावेत.

जुन्या फाइलचे हे काम लांबणीवर टाकणे धोक्याचे आहे. मूळ फॉण्टच उपलब्ध राहिला नाही, तर मजकूर मुळाशी ताडून पाहणेही कठीण होते. घराची कागदपत्रे, संस्थांची इतिवृत्ते आणि लेखकांची हस्तलिखिते अशा फाइलमध्ये असतील, तर ती आजच तपासलेली बरी.