येलदरी जलाशय
येलदरी जलाशय हा पूर्णा नदीवरील येलदरी धरणामुळे निर्माण झालेला, परभणी व हिंगोली या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेला कृत्रिम जलाशय आहे. धरण परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात असून समोरचा उत्तर काठ हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात मोडतो. १९६८ साली धरण पूर्ण झाले तेव्हा हा सारा प्रदेश परभणी जिल्ह्यातच होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि जिल्ह्याची हद्द पाण्यामधून गेली.

भूगोल
पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावून पूर्वेकडे वाहते व परभणी जिल्ह्यात गोदावरीस मिळते. (विदर्भातून वाहत तापीस मिळणारी पूर्णा ही निराळी नदी होय.) जलाशयाचे बरेचसे पाणलोट क्षेत्र छत्रपती संभाजीनगर, जालना व बुलढाणा जिल्ह्यांत असल्याने काठावर चांगला पाऊस होऊनही साठा वाढेलच असे नाही. त्यातच वरच्या अंगास बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण झाल्यापासून येव्याचा काही भाग तेथेच अडतो. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर केली जाते.

साठा व वापर
जलाशयाचा एकूण साठा सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर असून त्यापैकी सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर उपयुक्त आहे. पायथ्याच्या वीजगृहाची क्षमता २२.५ मेगावॅट आहे. वीजनिर्मितीनंतर पाणी खालच्या बाजूस, औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर जलाशयात जाते. पूर्णा प्रकल्पाचे कालवे येथून निघतात. मात्र सिद्धेश्वरच्या सुमारे २५१ दशलक्ष घनमीटर साठ्यापैकी जेमतेम ८१ दशलक्ष घनमीटर पाणीच उपयुक्त असते. साहजिकच कालव्याच्या पाळ्या येलदरीतून किती पाणी सुटते यावर अवलंबून राहतात.

वसमत तालुक्यातील हट्टा व परिसरातील काळ्या जमिनीवरील ऊस आणि हळद ही पिके याच पाण्यावर पोसली जातात. हट्टा गाव जलाशयापासून दूर, लाभक्षेत्राच्या खालच्या भागात आहे. त्यामुळे टंचाईच्या वर्षी कालव्याच्या शेपटाकडील शेतांना पाणी पोहोचेल की नाही, हा दरवेळचा प्रश्न असतो. परभणी शहरासह नदीकाठच्या अनेक गावांच्या पिण्याच्या पाण्याची भिस्तही येलदरी–सिद्धेश्वरवर असून तुटीच्या काळात पिण्याच्या पाण्यास सिंचनापूर्वी प्राधान्य दिले जाते.