शरदातील चीवरकर्म आणि नाशिकचा चिवरिक लेख

पावसाळा सरला की येणाऱ्या थंडीसाठी वस्त्रांची तजवीज करावी लागते. ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिला इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कापड जीर्ण होऊन नाहीसे होते; ते कोणी बेतले, कोणी शिवले, किती दिवसांत शिवले, याची नोंद घरोघर कोणी ठेवीत नाही. प्राचीन भारतात मात्र एका संस्थेने हे काम केवळ सोयीवर न सोपविता नियमांनी बांधून टाकले आणि त्या नियमांचे लेखन जपून ठेवले. ही संस्था म्हणजे बौद्ध भिक्षुसंघ होय. वर्षावास संपल्यावर शरद ऋतूत भिक्षूंनी आपली चीवरे कशी मिळवावी, कशी बेतावी आणि कशी पुरी करावी, याचे तपशीलवार विवेचन पाली विनयपिटकातील महावग्ग व चुल्लवग्ग या ग्रंथांत आले आहे. दुसऱ्या बाजूस, नाशिकच्या लेण्यांतील क्षहरात क्षत्रप नहपानाच्या काळचा एक कोरीव लेख याच वस्त्रांसाठी ठेवलेल्या द्रव्याचा हिशेब देतो. ग्रंथात सुई व दोरा आहे, लेखात कार्षापण व व्याज आहे. हे दोन पुरावे परस्परांशी कसे जुळवावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम कालगणना लक्षात घेतली पाहिजे. आषाढी पौर्णिमेनंतर सुरू होणारा पहिला वर्षावास आश्विनी पौर्णिमेस संपतो व त्या दिवशी प्रवारणा होते. त्यानंतर कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचा महिना हा चीवरांचा महिना होय. कठिन नावाचा विधी याच महिन्यात करता येतो. तो विधिपूर्वक झाला तर त्यायोगे मिळणाऱ्या सवलती फाल्गुनी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे सबंध हिवाळाभर टिकतात; न झाला तर चीवरकाल एका महिन्यातच संपतो. शरदातील एका महिन्याच्या कामावर पुढील चार महिन्यांची व्यवस्था अवलंबून असे.

या व्यवस्थेमागील निकड दोन कथांतून स्पष्ट होते. महावग्गातील कठिनप्रकरणाच्या आरंभी पावा येथील तीस भिक्षूंची हकीकत आहे. बुद्धदर्शनासाठी ते श्रावस्तीस निघाले. परंतु वर्षावासापूर्वी पोहोचणे न जमल्याने सहा योजने अलीकडे साकेत येथे त्यांना राहावे लागले. प्रवारणा होताच ते निघाले, तेव्हा पाऊस पुरता उघडला नव्हता. चिखल तुडवीत, भिजलेल्या चीवरांनिशी, थकून ते श्रावस्तीस पोहोचले. त्यानंतर कठिनाची अनुज्ञा देण्यात आली. दुसरी कथा वैशालीची आहे. माघ व फाल्गुन यांच्या अष्टकांमधील कडक थंडीच्या रात्री बुद्ध उघड्यावर बसून राहिले. प्रथम एक वस्त्र पुरले. एकेक प्रहर सरला तशी थंडी वाजू लागली आणि एकेक वस्त्र वाढवावे लागले. त्यावरून दुहेरी संघाटी, एकेरी उत्तरासंग व एकेरी अंतरवासक अशी तीन चीवरे ठरविण्यात आली. पहिल्या कथेने काळ ठरविला, दुसरीने परिमाण. वस्त्र किती असावे हे येथे प्रतिष्ठेवरून वा दात्याच्या इच्छेवरून न ठरता हिवाळ्याच्या एका रात्रीच्या अनुभवावरून ठरले आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

प्रत्यक्ष कामाचे वर्णन याहून सूक्ष्म आहे. क्षौम, कापूस, रेशीम, लोकर, ताग-अंबाडीसारख्या तंतूंचे जाडे कापड आणि मिश्र धाग्याचे कापड असे सहा प्रकार ग्राह्य मानले आहेत. रंगही सहा प्रकारचे आहेत : मूळ, खोड, साल, पान, फूल व फळ यांपासून काढलेले. रंग नीट उकळला की नाही हे पाहण्यासाठी त्याचा थेंब पाण्यात किंवा नखाच्या पाठीवर टाकून पाहावा, असे सांगितले आहे. चीवराचा बेत मगधातील भातखाचरांवरून घेतल्याचे प्रसिद्ध आहे. दक्षिणागिरीच्या वाटेवर बांधांनी विभागलेली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला तसा बेत करता येईल काय असे विचारले आणि आनंदाने तो करून दाखविला. लांब पट्टी, आखूड पट्टी, मोठे व लहान खण, मानेचा भाग, पोटरीचा भाग, यांना त्या ठिकाणी स्वतंत्र नावे आहेत. तुकडे करून जोडल्याने कापडाचे बाजारमूल्य नाहीसे होते व चोरांना त्याचा मोह राहत नाही, हाही हेतू तेथे नमूद आहे.

चुल्लवग्गात शिवणाच्या साधनांची वाढ क्रमाक्रमाने दाखविली आहे. कापड ताणून धरण्यासाठी चौकट हवी. तिलाच तेथे 'कठिन' म्हटले आहे. सुई गंजते म्हणून तिच्यासाठी नळी हवी. टाके लहानमोठे पडतात म्हणून मापाची खूण, शिवण वाकडी जाते म्हणून आखणीचा दोरा, बोटास सुई टोचते म्हणून अंगुस्तान अशी एकामागून एक अनुज्ञा येते. उघड्यावर काम करणाऱ्यांना ऊन व थंडी बाधते म्हणून अखेरीस कठिनशाळा बांधण्याची परवानगी मिळते. प्रत्येक नियमाच्या मुळाशी कामात आलेली एखादी अडचण आहे. हा भाग लिहिणाऱ्यांनी शिवणकाम जवळून पाहिले होते, याविषयी शंका राहत नाही.

या सर्वांत महत्त्वाचा शब्द 'चीवरविचारणा' हा होय. कठिन कशाने सिद्ध होत नाही याची एक लांब यादी महावग्गात दिली आहे. नुसती रेघ आखल्याने होत नाही, नुसते धुतल्याने होत नाही, नुसत्या चीवरविचारणेने होत नाही, नुसते कापल्याने वा टाचल्याने होत नाही. पुढे काठ, अस्तर, मजबुतीची शिवण यांचाही असाच उल्लेख आहे. अट्ठकथेने विचारणेचा अर्थ स्पष्ट केला आहे : हे चीवर पाच खणांचे करावे की सात, नऊ वा अकरा खणांचे, याचा निर्णय म्हणजे विचारणा. आजच्या भाषेत यालाच बेत करणे म्हणतात. मराठीत 'बेत' हा शब्द कापडाच्या आखणीस आणि मनातील योजनेस सारखाच लागतो. पाली 'विचारणा' शब्दाची ठेवणही तशीच आहे. परंतु विनयाच्या दृष्टीने बेत हा कामाचा एक टप्पा आहे, काम नव्हे. कापड मिळाल्यावर धुणे, बेतणे, कापणे, शिवणे व रंगविणे हे सर्व त्याच दिवशी, दुसरा अरुणोदय होण्यापूर्वी, पुरे झाले पाहिजे. दात्यास सूचक हावभाव करून वा आडवळणाने बोलून मिळविलेले कापड चालत नाही. रात्र ओलांडून ठेवलेलेही चालत नाही.

एका दिवसात एवढे काम एकट्याने होणे शक्य नव्हते. म्हणून कापड एका भिक्षूस दिले जाई, पण श्रम सर्वांचे असत. मी स्थविर आहे किंवा मी बहुश्रुत आहे, असे सांगून कोणालाही या कामातून अंग काढून घेता येत नाही, असे अट्ठकथा बजावते. त्याखेरीज एरवी येणाऱ्या चीवरांसाठी स्वीकारणारा, सांभाळणारा, भांडाराचा रक्षक आणि वाटप करणारा असे अधिकारी नेमण्याची सोय आहे. शरदातील चीवरकर्म हे अशा रीतीने संघाच्या एकत्वाची वार्षिक कसोटीच होती.

पाली ग्रंथांची भूमी उत्तर भारताची आहे. तेथील नियम नाशिकच्या भिक्षूंस शब्दशः लावता येणार नाहीत. पश्चिम भारतातील लेण्यांत निरनिराळ्या निकायांची वस्ती होती. तथापि कठिनाचा विधी एका निकायापुरता मर्यादित नव्हता. मूलसर्वास्तिवाद्यांच्या विनयातही 'कठिनवस्तु' हे स्वतंत्र प्रकरण आहे. वर्षावासानंतर चीवराची व्यवस्था करावयाची, एवढा सामान्य धागा नाशिकपर्यंत पोहोचला होता हे खुद्द तेथील लेखावरूनच सिद्ध होते.

त्रिरश्मी डोंगरातील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई, दीनीकपुत्र उषवदात याचा हा लेख आहे. एमिल सेनार यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात संपादिला. लेखाचे वर्ष ४२ आहे. तो शक संवत् धरल्यास इ. स. १२० च्या सुमाराचा काळ येतो. वैशाख महिन्यात उषवदाताने हे लेणे चातुर्दिश संघास अर्पण केले आणि ३००० कार्षापणांची अक्षयनिवि ठेवली. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी तिची अट आहे. ही रक्कम गोवर्धन येथील कोलिकांच्या दोन निकायांकडे ठेवली होती : एकाकडे २०००, दर शेकडा एक पडिक व्याजाने, दुसऱ्याकडे १०००, पाऊण पडिकाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास केलेल्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकास चिवरिक म्हणून बारा कार्षापण द्यावयाचे. दुसऱ्या रकमेतून कुशणमूल. येथे कोलिक म्हणजे कोळी नव्हे. संस्कृत 'कौलिक' म्हणजे विणकर. पंचतंत्रातील विष्णुरूप घेणारा विणकर याच नावाने ओळखला जातो.

व्याजाचा दर मासिक की वार्षिक, हे लेखात शब्दाने सांगितलेले नाही; परंतु हिशेबाने ते निश्चित होते. दर वार्षिक मानल्यास २००० वर २० कार्षापण व्याज येते व वीस भिक्षूंस प्रत्येकी एकच मिळतो. 'बारसक' या शब्दाची संगती लागत नाही. दर मासिक मानल्यास महिन्यास २०, वर्षास २४० आणि प्रत्येकी बरोबर १२ येतात. बाकी काहीच उरत नाही. म्हणजे दात्याने हाती असलेली रक्कम ठेवून येईल ते व्याज वाटावे असे केले नाही. आधी माणसे मोजली, माणशी गरज ठरविली, आणि तेवढे उत्पन्न देणारे मुद्दल शोधून काढले. भिक्षूंनी कापडापुरती जी विचारणा करावयाची, ती येथे दात्याने रकमेच्या बाबतीत केली आहे. त्याच लेण्यातील नोंदीप्रमाणे एका सुवर्णाचा भाव ३५ कार्षापण होता. तेव्हा एका भिक्षूचे वर्षाचे चिवरिक एका सुवर्णाच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक भरते. मुद्दल वैशाखात ठेवले असल्यामुळे पहिल्या शरदापर्यंत वर्षाचे सुमारे निम्मेच व्याज जमणार होते. अर्थात ही योजना एका वर्षापुरती नव्हती.

वस्त्रांचे द्रव्य विणकरांकडेच ठेवले, तेव्हा त्या श्रेणीनेच कापड पुरविले असावे, असा तर्क सहज सुचतो. तो टिकत नाही. एक तर कुशणमूलाची रक्कमही विणकरांकडेच आहे आणि तिचा कापडाशी संबंध दाखविलेला नाही. दुसरे असे की, नाशिकच्याच आभीर ईश्वरसेनाच्या काळच्या लेखात आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवलेले द्रव्य कुलरिक, ओदयंत्रिक व तिलपिषक, म्हणजे तेली, यांसारख्या श्रेणींकडे दिले आहे. त्यांपैकी कोणीही वैद्य नव्हे. श्रेणी येथे पेढीचे काम करीत होती. विणकरांची निवड त्यांच्या पतीमुळे झाली, एवढेच पुराव्यावरून म्हणता येते. कान्हेरी येथील यज्ञ सातकर्णीच्या सोळाव्या वर्षाच्या लेखात चिवरिक 'सोळसक' असून ऋतुकाळात दरमहा एक पडिक द्यावयास सांगितला आहे. नाशिकला बारा, कान्हेरीस सोळा : तेव्हा चिवरिकाचा आकडा सर्वत्र एक नव्हता. वस्त्राचा वेगळा व इतर खर्चाचा वेगळा असा दुहेरी विभाग मात्र दोन्हीकडे आहे, आणि कुशणमूलाचा अर्थ लावताना या साम्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. सोन्यारुप्यास स्पर्श न करण्याचा नियम असलेल्या भिक्षूंस माणशी बारा कार्षापण नेमून दिले, यावरून हाताने चीवर करण्याची परंपरा सुटली व तिची जागा पैशाने घेतली, असा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव आहे. परंतु द्रव्य भिक्षूंच्या हाती द्यावे असे लेख म्हणत नाही. मुद्दल श्रेणीकडे आहे, व्यवहार निगमसभेत ऐकविलेला व फलकावर नोंदविलेला आहे. शिवाय चिवरिकाचा हक्क लेण्यात राहणाऱ्या कोणाही भिक्षूस नसून 'वसवुथ' म्हणजे वर्षावास पुरा केलेल्यासच आहे. ही अट विनयाच्या गाभ्यातील आहे. कापड कोठून येईल याची अनिश्चितता दानाने दूर केली. कापड आल्यावर काय करावयाचे याविषयी लेख मौन बाळगतो. त्या मौनातून शिवणकाम बंद पडल्याचा पुरावा निर्माण होत नाही. ग्रंथ हाताचा इतिहास सांगतो, लेख थैलीचा. एकाच्या अभावी दुसरा वाचणाऱ्यास चित्र एकांगी दिसणारच.

भाषेच्या अंगानेही या लेखाचे मराठीशी नाते जवळचे आहे. त्यातील 'बारसक' मधील बारस मराठीच्या बारा व बारस या शब्दांत टिकून आहे. दोन या अर्थी आलेला 'बे' पाढ्यांतील 'बे एके बे' मध्ये आजही मुलांच्या तोंडी आहे. दानात उल्लेखिलेल्या चिखलपद्र गावाच्या नावातील चिखल समजावून सांगावा लागत नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर चीवर व वर्षावास हे शब्द महाराष्ट्रातील बौद्ध समाजाच्या नित्य बोलण्यात आले असून आश्विनी व कार्तिकी पौर्णिमांच्या दरम्यान येथील विहारांत कठिन चीवरदानाचे कार्यक्रम होतात. नाशिकच्या लेखाकडे केवळ राजवंशांच्या कालनिर्णयाचे साधन म्हणून पाहण्याची रीत पुष्कळ काळ चालत आली. वीस माणसांच्या हिवाळ्याच्या वस्त्रांसाठी केलेला तो एक चोख हिशेब आहे, हे लक्षात घेतल्यास त्याचे मोल कमी न होता वाढतेच.