बीटच्या मळीतलं औषध

युसूफ वडगाव काय किंवा केज तालुक्यातलं दुसरं कुठलं गाव काय, इथे साखर म्हटली की ऊसच. युरोपात मात्र बरीचशी साखर पांढऱ्या बीटमधून निघते. आपल्या कोशिंबिरीतल्या लाल बीटचाच हा भाऊबंद. त्यात उसासारखीच साखर असते, हे बर्लिनच्या मारग्राफ यांनी 1747 मध्ये दाखवलं.

गुऱ्हाळात भेंडीच्या पाण्याने रस निवळतात, तसा बीटचा रस चुना आणि कार्बन डायऑक्साइडने निवळतात. बरीचशी प्रथिनं गाळात बसतात. पण अमिनो आम्लं, म्हणजे ज्या विटांनी प्रथिनं बांधलेली असतात त्या, विरघळलेल्याच राहतात आणि थोड्या साखरेचे स्फटिक होऊ देत नाहीत. ती सगळी शेवटी मळीत उतरतात. कारखानदाराची ही डोकेदुखी रसायनशास्त्रज्ञांना घबाड वाटली. 1860 च्या दशकात कार्ल शायब्लर यांनी बीटमधून 'बीटेन' वेगळं केलं. नाव बीटच्या 'बीटा' या शास्त्रीय नावावरून. ग्लायसिन या अमिनो आम्लाला तीन मिथाइल गट चिकटले की झालं बीटेन.

अमिनो आम्लं एकमेकांपासून सोडवणं मोठं जिकिरीचं. तापवली तर उकळण्याआधीच करपतात. एमिल फिशर यांनी 1901 मध्ये त्यांचे एस्टर बनवले आणि कमी दाबाखाली एकेक उकळून वेगळे केले. त्यासाठी माल भरपूर लागे. मार्टिन आणि सिंज यांच्या 1941 च्या क्रोमॅटोग्राफीने, आणि मग 1944 च्या कागदी पद्धतीने, थेंबभर नमुन्यात काम भागू लागलं. 1952 चं नोबेल त्यालाच.

आता डॉक्टरांच्या कामाचं. याच तंत्राने मुलांची लघवी तपासताना 1962 मध्ये बेलफास्टला होमोसिस्टिनुरिया हा आनुवंशिक आजार सापडला. होमोसिस्टीन साचतं, डोळ्यातलं भिंग सरकतं, रक्ताच्या गुठळ्या होतात, बुद्धीची वाढ खुंटते. आणि औषधांपैकी एक कोणतं? बीटेन! आपला एक मिथाइल गट देऊन ते होमोसिस्टीनचं मेथिओनिन करतं. अमेरिकेत त्याला 1996 मध्ये मान्यता मिळाली.

हे वाचून कुणी बीटचा रस सुरू करू नये. औषधाची मात्रा रोज काही ग्रॅमची असते. मात्र लहान मुलाचं भिंग सरकलेलं आढळलं, तर नुसता चष्मा देऊन थांबू नका, रक्तातलं होमोसिस्टीन तपासायला सांगा. काही रुग्णांना तर जीवनसत्त्व बी-6 नेच बराच उतार पडतो.