जबड्याची हिस्टरी

माझा खालचा जबडा जरा पुढे आहे. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स (१६६१-१७००) याच जबड्यासाठी प्रसिद्ध, त्यामुळे कॉलेजात मला 'राजे' म्हणायला हरकत नव्हती. पण म्हणायचे काय, तर "अरे, खण उघडा राहिलाय!"

गेल्या महिन्यात सर्जनकडे जाऊन आलो. "चावायला, बोलायला त्रास?" नाही. "मग ही दिसण्यासाठीची सर्जरी. निर्णय तुमचा." झालं! निर्णय माझा म्हटल्यावर मी नेहमीचंच केलं. कोडला हात लावण्याआधी हिस्टरी बघितली.

सुरुवात १८४९ ची, अमेरिकेतल्या व्हीलिंग गावची. सायमन हलिहेन या सर्जनकडे एक तरुणी आली. लहानपणी भाजलेली. व्रण आवळत गेले आणि वाढत्या वयात जबडा पुढे ओढला गेला. हलिहेनने हाडाचा तुकडा काढून पुढचा भाग मागे बसवला. इथे 'गरज आहे का' हा प्रश्नच नव्हता.

१८९७ साली सेंट लुइसमध्ये व्हिलरे ब्लेअरने केलं ते मात्र माझ्या जवळचं. भाजणं नाही, अपघात नाही, जबडा आपला आपणच वाढून पुढे आलेला. दोन्ही बाजूंनी हाडाचा तुकडा काढून त्याने तो मागे घेतला.

खरी गंमत केली ती ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या हुगो ओब्वेगेझरने, १९५३ मध्ये. बाहेरून चेहरा कापायचा नाही, तोंडातूनच शिरायचं. हाड सरळ आडवं न तोडता, पोळीचे पदर सुटावेत तसं उभं सोलायचं आणि पदर एकमेकांवर सरकवायचे. हाडाला हाड भरपूर टेकतं, म्हणून नीट जुळतं. आधी वरचे-खालचे दात कित्येक आठवडे तारेने बांधून ठेवत. सत्तरच्या दशकात स्क्रू आले आणि ती शिक्षा बरीच टळली. डिझाइन म्हणून मला हे जाम आवडलं. आजही मुळात हेच करतात.

पण एक भानगड आहे. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस नेमकी याच हाडातून जाते. ऑपरेशननंतर ओठ बधिर होणं नेहमीचं. बहुतेकांचा हळूहळू सुधारतो, काहींचा थोडाफार बधिरपणा कायम राहतो.

आणि मी बासरी वाजवतो. चार वर्षं, दर शनिवारी क्लास. बासरी टेकते खालच्या ओठावरच. फुंकर किती, कुठे, हे आधी ओठाला कळतं, मग मला.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या आजोबांचा जबडा आहे तो, त्यांचं काही अडलं नाही." मग जरा थांबून, "पण त्या दोन स्थळांचं..." दोन्हीकडून 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला होता. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती!

असो. दिसण्यासाठी सर्जरी करणारे उथळ असतात, असं मला अजिबात वाटत नाही. फोटो काढताना हनुवटीवर हात ठेवायची सवय आजोबांना नव्हती, मला आहे. बासरी नसती तर बहुधा तारीख घेऊन आलो असतो.

सोमवारी क्लिनिकला फोन करून नको म्हणून सांगितलं. रिसेप्शनवरच्या मॅडमनी विचारलं, "मग फाइल बंद करू का सर?"

म्हटलं, राहू द्या.